वाचन अडतं कुठे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गात असं एखादं मूल पुष्कळदा दिसतं. गुरुजींनी गोष्ट सांगितली की याचं उत्तर सगळ्यांत आधी येतं आणि नेमकं येतं. बाजाराचा हिशोब ते तोंडी करतं. पण तीच गोष्ट पुस्तकातून वाचायला सांगितली की बोट ओळीवर अडकतं. ‘काठावर’चं ‘काठीवर’ होतं, मधली ओळ गळते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मग शेरा पडतो, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ हा शेरा लिहिण्याआधी थांबायला हवं.

अशा मुलाला डिस्लेक्सिया असू शकतो. त्यात दोष बुद्धीचा नसतो, डोळ्यांचाही नसतो. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी पकडायचे, ते अक्षराशी जोडायचे आणि ही जोडणी विचार न करता व्हावी इतकी पक्की करायची, हे काम मेंदूला जड जातं. ही अडचण जन्मजात असते आणि बऱ्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिसते. बापालाही वाचनाचा कंटाळा होता असं आई सहज सांगते, तेव्हा ते नोंदवून ठेवावं.

मराठीत ही अडचण लपून राहते. इंग्रजीच्या मानाने आपलं लेखन उच्चाराला बरंच धरून चालतं. त्यामुळे दोन-तीन वर्षं बाराखडी घोटल्यावर मूल बरीच अक्षरं बरोबर ओळखू लागतं, पण वेग येत नाही. नुसत्या चुका मोजल्या तर असं मूल निसटतं, म्हणून घड्याळही लावावं लागतं. दुसरी अडचण लिपीतली. ‘किरण’मधली वेलांटी लिहिताना क-च्या आधी, उच्चारात मात्र नंतर. ‘सूर्य’मधला र उच्चारात य-च्या आधी, लिहिताना मात्र त्याच्या डोक्यावर. जोडाक्षरांत तर अक्षराचं रूपच बदलतं. डिस्लेक्सिया असलेलं मूल नेमकं अशा जागी अडखळतं. भ-म आणि घ-ध यांची गल्लतही इतर मुलांची संपून गेल्यावर त्याची टिकून राहते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मात्र निष्कर्ष काढू नये, त्या आपण सगळेच करतो. पहिलीतल्या मुलाने उलटं अक्षर काढलं म्हणूनही घाबरायला नको.

वर्गात पाहणी करायला फार साहित्य लागत नाही. ‘कमळ’मधला ‘म’ काढला तर काय उरतं, असं तोंडी विचारावं. ओळखीच्या वस्तूंच्या चित्रांची नावं भरभर सांगायला लावावीत. सगळ्यांत बोलकी पाहणी पुढची आहे. एक उतारा आपण वाचून दाखवायचा आणि प्रश्न विचारायचे. मग तेवढाच सोपा दुसरा उतारा मुलाला वाचायला देऊन तसेच प्रश्न विचारायचे. ऐकून सगळं समजतं आणि वाचून काहीच हाती लागत नाही, ही दरी दिसली की संशयाला जागा आहे.

मात्र इतर कारणं आधी तपासली पाहिजेत. डोळे आणि कान तपासले आहेत का? मूल ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर अर्धं वर्ष शाळेबाहेर होतं का? घरी पावरी किंवा कोरकू बोलली जाते आणि शाळेतली मराठीच त्याला नवी आहे का? अशा मुलाला नीट शिकवलं की ते बहुधा भराभर पुढे जातं. काही महिने रोज शिकवूनही जे मूल तिथेच राहतं, त्याचं नाव केंद्रप्रमुखांमार्फत गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे जायला हवं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेलं ‘डाली’ हे चाचणीसाहित्य २०१५ पासून मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी वापरायच्या वेगवेगळ्या चाळण्या आहेत. इंग्रजीतल्या कसोट्या मराठी माध्यमाच्या मुलाला लावणं अन्यायाचं आहे.

मदत सुरू करायला कोणाच्या सहीची गरज नाही. रोज थोडा वेळ, एका वेळी एकच गोष्ट. आज फक्त काना. मुलाने वाळूच्या ताटात बोटाने ‘का’ गिरवायचा, गिरवतानाच मोठ्याने म्हणायचा, मग ‘काका’, ‘काम’, ‘कान’ वाचायचे. डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावायची ही पद्धत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. आपल्याकडे ती धुळपाटीमुळे परकी वाटत नाही. उद्या नवं शिकवण्याआधी कालचं पुन्हा. इतर मुलांना पाच वेळा पुरतं तिथे याला पन्नास वेळा लागेल, आणि तेवढं द्यावंच लागतं. वर्गात त्याला अचानक उभं करून वाचायला लावू नये. फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याची सक्ती नको, आणि परिसर अभ्यासाचं उत्तर तोंडी दिलं तर त्याचे पूर्ण गुण द्यावेत.

प्रमाणपत्राची वाट वेगळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत, डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो ती, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी होते. ते देतात ठरावीक सरकारी किंवा महापालिकेची रुग्णालयं, उदाहरणार्थ मुंबईत शीव आणि नायर. गावाकडच्या पालकाला यासाठी मजुरी बुडवून खेपा घालाव्या लागतात. तारीख, कागद, सोबत कोण जाणार, हे शाळेने आधीच ठरवून दिलं तर ते प्रकरण मध्येच सुटत नाही.

अशा मुलांसाठी दहावीला जादा वेळ आणि लेखनिक या सवलती महाराष्ट्रात १९९६ पासून आहेत. पण दुसऱ्याला उत्तर सांगून लिहवून घेणं हेही शिकावं लागतं. कुठे थांबायचं, आकृती कशी सांगायची, लिहिलेलं परत कधी वाचून घ्यायचं, याचा सराव आठवीच्या घटक चाचणीपासूनच सुरू करावा.