पाणी मुरतंय कुठे?

पोहण्याचा तलाव गळू लागला तर मालकाचं पाण्याचं बिल वाढतं. शेततळं गळू लागलं तर ऐन मे महिन्यात मोसंबीची बाग वाळते. परभणी जिल्ह्यात गळतीचा विषय निघाला, की तो पोहण्याच्या तलावापेक्षा शेततळ्याच्या कागदापाशीच येऊन थांबतो, याचं कारण हेच.

कागद म्हणजे अर्थात प्लास्टिक. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. सुरुवातीला कमाल अनुदान ५० हजार रुपये होतं, पुढे ते ७५ हजारांवर गेलं. मूळ योजनेतलं सर्वांत मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल होतं. दीडास एक उताराने ते खोदलं, तर त्यात सुमारे २० लाख लिटर पाणी मावतं. हे पाणी आणि खालची माती यांच्यामध्ये असतो ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा कागद. जिंतूर-गंगाखेडच्या मुरमाड माळावर त्याच्याशिवाय पाणी टिकत नाही. गोदाकाठची काळी माती ओली असताना पाणी बऱ्यापैकी धरते. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

पाणी उतरलं की शेतकऱ्याला पहिला संशय येतो तो भोकाचा. चोर बऱ्याचदा डोक्यावर असतो. परभणीच्या मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या पाण्याचा दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास थर उडून जातो. काठोकाठ भरलेल्या ३० बाय ३० च्या तळ्यात हा हिशेब रोज ९ हजार लिटरचा होतो. कागद शाबूत असला तरी!

म्हणून सगळ्यात आधी बादली. तळ्याचंच पाणी बादलीत भरायचं, आत दगड ठेवायचा आणि ती काठालगत, निम्मी-अधिक पाण्यात राहील अशी दोरीने बांधायची. बादलीच्या आत एक खूण आणि तळ्यातल्या रोवलेल्या पट्टीवर दुसरी. मोटार बंद, ठिबक बंद. चोवीस तासांनी दोन्ही खुणा पाहायच्या. बादली १० मिलिमीटर उतरली आणि तळंही तेवढंच, तर दोष उन्हाचा. तळं २५ मिलिमीटर उतरलं असेल, तर वरचे १५ मिलिमीटर कागदाखाली गेले. पोहण्याच्या तलावासाठी जगभर हीच चाचणी करतात आणि तिला खर्च शून्य. एवढं साधं, बिनचूक यंत्र दुसरं सापडणं कठीण.

भोक कुठे आहे, हे मात्र बादली सांगत नाही. पाणी एका रेषेवर येऊन थांबलं, तर भोक त्या रेषेच्या आसपास असणार; तेवढी पट्टी चहूबाजूंनी तपासायची. बांधाबाहेर भर उन्हाळ्यात हिरवं गवत किंवा ओल दिसली, तर ती बाजू आधी. पोहण्याच्या तलावात संशयाच्या जागी रंगाचा थेंब सोडतात. भोक असेल तर रंग आत ओढला जातो. शेततळ्यातल्या शेवाळलेल्या, वाऱ्याने हलणाऱ्या पाण्यात ही युक्ती चालत नाही. तिथे डोळे आणि तळहात. कारणं ठरलेली: खालचा टोकदार खडा, कागद भेदून वर येणारा लव्हाळ्याचा कोंब, खेकडा, उंदीर, पाण्यासाठी घसरलेल्या कुत्र्याच्या नख्या. शिवाय पाण्यावर उघडी राहिलेली कोरडी पट्टी. ती बारमाही ऊन खाते आणि आधी तडकते.

ठिगळ लावणं हे कसबाचं काम. हा कागद साध्या डिंकाला दाद देत नाही. कारागीर जागा पुसून कोरडी करतो, ठिगळाचे कोपरे गोल कापतो, गरम हवेच्या बंदुकीचं तोंड दोन थरांमध्ये घालतो आणि मागून रबरी रूळ दाबत नेतो. हात रेंगाळला तर कागद आकसून जळतो, घाई झाली तर जोड नुसताच चिकटल्यासारखा दिसतो. गार झाल्यावर तो स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने कड उचकटून पाहतो.

ओल्या कागदावर यातलं काहीच जमत नाही, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. भोक तळाशी असेल तर पाणी काढावं लागतं. एप्रिलमध्ये लाखो लिटर पाणी काढून ठेवायचं कुठे? अनेकांनी तळं पावसाऐवजी विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरलेलं असतं. त्यांचं पाणी जातं आणि उपशाची वीजही. दुरुस्ती पुढे ढकलावी, तर झिरपणारं पाणी कागदामागची काळी माती फुगवतं आणि उतार ढासळतो. तळं पूर्ण रिकामं ठेवलं, तर वारा कागद उचलतो. फूटभर पाणी तरी वजनाला हवंच.

सर्वांत मोठा धोका माणसाला आहे. शेवाळलेला ओला कागद इतका निसरडा असतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतार चढून बाहेर येता येत नाही. शेततळ्यात बुडून माणसं, विशेषतः मुलं दगावल्याच्या बातम्या राज्यात दर वर्षी येतात. भोक शोधायला उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात हवं आणि शेजारी हवेने भरलेली ट्यूब. तळ्याभोवती कुंपण आणि चारही उतारांवर कायम बांधलेले गाठींचे दोर, एवढा खर्च कागद अंथरतानाच करून टाकावा.