सडबरीची सराई आणि तिची पाणचक्की

संपादकांनी लिहायला सांगितलं होतं सराईवर. माझा दिवस मात्र गेला तिच्या आवारातल्या पाणचक्कीपाशी.

बॉस्टनच्या पश्चिमेला सडबरी गावात ही ‘वेसाइड इन’ आहे. १७१६ साली डेव्हिड हाउ यानं राहत्या घरातच वाटसरूंना उतरवून घ्यायला सुरुवात केली. बॉस्टन पोस्ट रोड दारावरून जायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. चार पिढ्या धंदा चालला. १८६१ मध्ये लायमन हाउ अविवाहित वारला आणि सराई बंद पडली. पुढच्या वर्षी कवी लाँगफेलो येऊन गेला. १८६३च्या त्याच्या पुस्तकात या सराईच्या शेकोटीभोवती बसलेले पाहुणे एकमेकांना गोष्टी सांगतात. पुस्तक इतकं गाजलं की पुढच्या एका मालकानं त्यातलंच नाव पाटीवर चढवलं.

मग १९२३ मध्ये सराई विकत घ्यायला हेन्री फोर्ड आला. घरोघरी मोटार पोचवणाऱ्या या माणसाला सराईपुढून जाणाऱ्या मोटारींचा त्रास व्हायला लागला, म्हणून त्यानं स्वतःच्या खर्चानं रस्ताच वळवून दिला! पाणचक्कीही त्याचीच, १९२९ची. भिंतींचे ओबडधोबड दगड बघून ती दोनशे वर्षांची वाटते. फोर्डला तसंच वाटायला हवं होतं.

चक्की मात्र नुसती शोभेची नाही. तळ्याचं पाणी पन्हळीतून चाकाच्या माथ्यावर पडतं, चाक फिरतं, आणि दातेरी चाकांवरून ती गती आत दगडी तळ्यांपर्यंत येते. खालची तळी स्थिर, वरची फिरती. आपल्या जात्याचंच तत्त्व. दोहोंमधली फट कडेला कागदाएवढी. तळ्या एकमेकींना घासल्या तर ठिणग्या उडतात, जास्त लांब राहिल्या तर भरडा पडतो. चक्कीवाला काटे-बिटे बघत बसत नाही. खाली पडणारं पीठ चिमटीत धरतो, अंगठ्यानं चोळतो, नाकाशी नेतो. जळका वास आला की वरची तळी केसभर उचलायची. हेच पीठ सराईच्या पावात जातं आणि पिशव्यांतून विकलंही जातं.

सराईत खोल्या मोजक्याच. टेबलांच्या खणांत उतारू एकमेकांसाठी चिठ्ठ्या लिहून ठेवतात. हा पायंडा मला तिथल्या जेवणापेक्षा आवडला.

पण ‘जुनी सराई’ म्हणताना जीभ जरा अडखळते. डिसेंबर १९५५च्या आगीत इमारतीचा मोठा भाग जळाला. फोर्ड प्रतिष्ठानच्या पैशातून ती पुन्हा उभी राहिली आणि १९५८ मध्ये उघडली. आता कारभार धर्मादाय विश्वस्तांकडे आहे. लाकडी घर, त्यात शेकोट्या आणि दिवसभर चालणारं स्वयंपाकघर म्हटल्यावर विश्वस्तांना झोप कशी लागते कोण जाणे. चक्कीचं दुखणं वेगळं. हिवाळ्यात ती बंदच असते. शिवाय तळ्यांचे चर झिजले की वरची तळी उचलून, उलटी करून टाकी लावावी लागते. आपल्याकडे जात्याला टाकी लावणारे दारावर यायचे, त्यांच्यासारखे कारागीर अमेरिकेतही आता शोधावे लागतात.