मोटारीतला मेणाचा पहारेकरी

मुलांनो, मे महिना आहे, लग्नाची गडबड आहे. घरातले सगळे कोंबून बसलेत आणि तुमची मोटार वसमतहून नांदेडला निघाली आहे. पारा ४२ वर! थोडं अंतर जातं न जातं तोच तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकतो. बाबा गाडी बाजूला घेतात, बॉनेट उघडतात... फस्स! वाफच वाफ. (रेडिएटरचं झाकण मात्र तेव्हा मुळीच उघडू द्यायचं नाही. कुकरची शिटी न जाता झाकण काढण्यासारखंच ते!)

अशा वेळी जमलेल्या मंडळींत एखादे काका हमखास म्हणतात, "अहो, तो थर्मोस्टॅट काढून टाका. थंड देशांतल्या गाड्यांना लागतो तो. आपल्याकडं त्याचं काय काम?"

ऐकायला पटतं. पण खरं आहे का ते?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं छोटंसं दार. त्यात एक धातूची डबी असते आणि डबीत चक्क मेण! पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि दार उघडतं. गरम पाणी रेडिएटरकडे निवायला जातं. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दार लावून घेते. साध्या थर्मोस्टॅटला ना वायर लागते, ना बॅटरी. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी ही मेणाची युक्ती काढली.

आता गंमत ऐका. इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास असलं की इंजिन नीट चालतं. म्हणजे वसमतचं ४२ अंशांचं ऊन इंजिनाच्या लेखी थंडीच की! दार काढून टाकलं तर इंजिन लवकर तापत नाही, इंधन जास्त जळतं, ऑइलमध्ये ओल साठते आणि आतले भाग झिजतात. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची एक आडवाट बंद करतो. तोच नसला तर काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परत येतं. गाडी थंड राहावी म्हणून दार काढलं आणि ओझं घेऊन जाताना ती उलट जास्तच तापली!

मग दुकानदार विचारतो, "कितीचा देऊ? कमी अंशांचा घ्या, गाडी थंड राहील." इथंच फसायला होतं. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या अंशाला दार उघडायला लागतं, एवढाच त्याचा अर्थ. पुढं किती उष्णता बाहेर जाणार, ते रेडिएटर आणि पंखा ठरवतात. पूर्णेच्या कालव्याचं दार पहाटे उघडा की दुपारी, कालव्यात मावेल तेवढंच पाणी वाहणार ना? म्हणून कंपनीनं ठरवलेलाच आकडा घ्यायचा. गाडीचं मॉडेल, साल आणि चासी नंबर सांगितला की नेमका भाग मिळतो.

पण दोष थर्मोस्टॅटचाच कशावरून? पाणी कमी झालं असेल, पंखा फिरत नसेल, रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि भुसा अडकला असेल. मेस्त्रींना हे आधी बघू द्या. काटा वर गेलाय, पाणी पुरेसं आहे, तरी रेडिएटरचा होज पाइप थंडच, तर मात्र दार अडकल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

खात्री घरीच करता येते, पण मोठ्या माणसांसोबतच बरं का! स्वयंपाकात न लागणाऱ्या जुन्या पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅट दोऱ्यानं असा लटकवा की तो तळाला टेकणार नाही. जास्त अंशांपर्यंतचा थर्मामीटर सोडा. तापाचा नको, तो फुटेल! पाणी तापवत न्या. ८२ च्या आसपास दार किलकिलं होईल, आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडेल. पाणी निवलं की परत मिटेल. उकळूनही तो ढिम्म हलला नाही, तर बदलायलाच हवा.

नवा बसवताना गॅसकेटही नवंच घ्यायचं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि बारीक भोक असेल तर ते वर, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. बोअरचं पाणी मात्र भरू नका. घरच्या पातेल्यात जसा पांढरा थर धरतो, तसाच क्षार इथंही धरतो आणि नवं दारही जाम होतं. कंपनीनं सांगितलेलं कूलंटच भरा. ते विषारी असतं, म्हणून डबा लहान भावंडांपासून दूर ठेवा.

आणि हो, दुकानात जाताना जुना थर्मोस्टॅट फडक्यात गुंडाळून सोबत न्या. आकडा एकच असला तरी चकतीचा व्यास वेगळा निघू शकतो.