रात्री जागणाऱ्या मुलाला एकदम पहाटे का उठवू नये?

लातूर-नांदेडला नीट, जेईईच्या क्लाससाठी राहणारी बरीच मुले पहाटे 3 ला झोपतात आणि 11 ला उठतात. तास आठ भरतात, मग बिघडले काय, असे पालक विचारतात. बिघडते ती वेळ. जेईई मेनची सकाळची पाळी 9 ला सुरू होते, आणि अशा मुलाच्या शरीरात तेव्हा अजून रात्रच असते.

आपल्या पेशींमध्ये एक रासायनिक घड्याळ चालते. काही जीन्स 'पर' आणि 'क्राय' नावाची प्रथिने बनवायला लावतात. ही प्रथिने पुरेशी साठली की त्याच जीन्सना बंद पाडतात. मग ती हळूहळू नष्ट होतात, जीन्स मोकळी होतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. या घड्याळाच्या मुळाशी असलेल्या संशोधनाला 2017 चे नोबेल मिळाले.

पण स्वतःलाच रोखणारी गोष्ट एका पातळीवर स्थिर का होत नाही? गच्चीवरच्या सोलरचा नळ आठवा. गरम पाणी यायला उशीर लागतो म्हणून आपण नळ जास्त सोडतो, मग एकदम कढत येते, म्हणून बंद करतो, की पुन्हा गार. उशीर आणि जोराची रोख एकत्र आली की चढउतार सुरू होतात. ब्रायन गुडविन यांनी 1965 मध्ये हेच गणिती समीकरणांत मांडले. माणसात हा फेरा सरासरी 24 तासांहून किंचित मोठा असतो, आणि उजेड त्याला रोज जुळवून घेतो.

उजेड कधी पडतो यावर सगळे अवलंबून आहे. शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत कमी असते. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, त्याआधीचा मागे ढकलतो. 11 ला उठणाऱ्या मुलाचा हा क्षण सकाळी 8-9 च्या सुमारास येतो. त्याला पहिल्याच दिवशी 6 ला उठवून उन्हात पाठवले, तर घड्याळ उलट आणखी मागे जाऊ शकते! पालक नेमके हेच करतात, आणि चार दिवसांनी 'पोरगं ऐकत नाही' म्हणतात.

त्यापेक्षा दर एक-दोन दिवसांनी उठण्याची वेळ अर्धा तास अलीकडे आणा. उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरचा उजेड घ्यावा. रूममधली ट्यूबलाइट त्याला पुरत नाही. रात्री दिवे मंद, मोबाइल दूर, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. 11 वरून साडेसहावर यायला दहा दिवस ते तीन आठवडे लागतात, म्हणून परीक्षेच्या महिनाभर आधीच सुरुवात करा. रविवारी दुपारपर्यंत झोपू दिले तर बरीच मेहनत वाया जाते.

मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. झोप लागतच नसेल, मूल गप्प-उदास असेल, जेवण सुटले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जीव द्यायची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.