हळद : अत्ताराचा माल आणि अत्ताराची जबाबदारी

कोल्हापूरच्या तालमींत आखाड्याची माती तयार करताना तीत हळद, ताक, लिंबू आणि तेल मिसळतात. कुस्तीत अंग खरचटले तरी जखम चिघळू नये, हा त्यामागील हेतू होय. ही हळद विकणारे आपले अत्तार बांधव पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकाला दोन शब्द सल्ल्याचेही देत आले आहेत. म्हणूनच या मालाची नीट माहिती त्यांना असणे आवश्यक आहे.

आयुर्वेदात हळदीला हरिद्रा, तर युनानीत ‘जर्द चोब’ म्हणजे पिवळे लाकूड म्हणतात. जखमेवर हळदपूड दाबणे, खोकल्यात हळदीचे दूध घेणे, घसा बसल्यास हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणे हे तिचे घरोघरीचे उपयोग. मुक्या मारावर मात्र आंबेहळद उगाळून लावतात. ती निराळी वनस्पती असून तिला कैरीसारखा वास येतो. गिऱ्हाईक नुसते ‘हळद द्या’ म्हणाले, तर कशासाठी हवी, हे विचारून घ्यावे.

जखमेवरील याच उपयोगासाठी मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. मूळचे गोव्याचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. जुने ग्रंथ व छापील लेख असे ३२ पुरावे पुढे करण्यात आले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे अमान्य झाले. ‘आमच्या आजीला ठाऊक होते’ एवढे म्हणून भागले नसते. लेखी पुरावाच कामी आला. पुढे २००१ पासून आयुर्वेदाबरोबर युनानी ग्रंथांतील नुस्खेही सरकारी संग्रहात नोंदविण्याचे काम सुरू झाले. ज्यांच्या घरी वाडवडिलांच्या नुस्ख्यांच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत.

आता मालाविषयी. कोल्हापूरजवळच सांगलीची हळदपेठ आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण चांगल्या मालाला चकाकी आणण्यासाठी काही ठिकाणी लेड क्रोमेट हा पिवळा रंग चढविला जातो. त्यात शिसे असते. ते मुलांच्या मेंदूला अपाय करते. जी वस्तू औषध म्हणून दुधात घालून मुलाला पाजली जाते, तीच विष ठरावी, यापेक्षा वाईट ते काय? याची साधी परीक्षा अशी : हळकुंड पेलाभर पाण्यात टाकावे. लगेच भडक पिवळा रंग सुटला, तर भेसळीचा संशय घ्यावा आणि असा माल दुकानात ठेवू नये. खात्री प्रयोगशाळेतच होते. दळलेली हळद सुटी न विकता बंद पाकिटात विकावी, असे अन्नसुरक्षेचे नियम सांगतात.

शेवटची गोष्ट जिभेची. हळदीने मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो, अशी पाटी लावणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अंगात फार थोडे शोषले जाते. काळी मिरी घातल्यास ते वाढते, पण अशा तीव्र गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांना आधी डॉक्टरांना विचारण्यास सांगावे. खोल किंवा चिघळलेल्या जखमेसाठी हळद मागणाऱ्यास सरळ दवाखान्याची वाट दाखवावी.

त्या दिवशी दहा रुपयांची विक्री बुडेल खरी. परंतु ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी विश्वासाने आपल्याच दुकानाची पायरी चढेल.