वाफसा

२०२५ च्या नवरात्रात माझ्या धाकट्या बहिणीच्या घरात सीना नदी शिरली. मोहोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. घट बसून दोनच दिवस झाले होते. वर अहिल्यानगर-धाराशिवकडं पाऊस कोसळत होता, त्यामुळं गावावरचं आभाळ उघडलं तरी पाणी चढतच राहिलं. तिनं देवीचा टाक पदरात बांधला, म्हशी सोडल्या आणि गावकऱ्यांबरोबर उंचावरची शाळा गाठली. घट तिथंच राहिला.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. नुकसान दिसलं की आकडा मांडायची सवय. ज्वारीची सात पोती भिजून आंबलेली, सोयाबीन काळं पडलेलं, कडब्याची गंज वाहून गेलेली. ‘‘आता गं?’’ मी विचारलं. ‘‘वाफसा येऊ दे दादा, मग बघू,’’ एवढंच ती म्हणाली.

शेती नसलेल्यांसाठी सांगतो. जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसला की वाफसा आला म्हणतात. चिखलात पेरलं तर बी कुजतं, माती फार वाळली तर उगवत नाही. शेतकरी मूठभर माती दाबून बघतो. तिचा गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा. काळ्या, भारी रानात याला दिवस लागतात. सोलापुरात सप्टेंबर हाच सर्वांत जास्त पावसाचा महिना, आणि ज्वारी मुख्यतः रब्बीची. सप्टेंबरात मुरलेल्या ओलीवरच ती थंडीत वाढते. पाऊस सरला की वाफशाची वाट बघायची, हाच आमचा शरद.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचा माझा नेम आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून देवी पलंगावर निजते ती पौर्णिमेपर्यंत. तिच्या दर्शनाला सोलापूरहून माणसं पंचेचाळीसेक किलोमीटर रात्रभर चालतात. त्या वर्षी माझा पाय निघाला नाही. झोपही नव्हती. पहाटे गाडी काढली आणि बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवरच्या नान्नजला गेलो.

इथल्या माळरानासाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण माळ जागा असतो. गवताचा हिरवेपणा उतरून त्यावर तांबूस-पिवळी झाक चढली होती. घटाच्या माळेला लागणारा तरवड बांधाला पिवळाधमक फुलला होता. चंडोल गात गात वर जात होता. लांब पंख किंचित उचलून एक भोवत्या गवतावरून तरंगत गेला. हे शिकारी पक्षी हिवाळ्यासाठी मध्य आशियातून येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. हजारो किलोमीटर उडून आल्यावर निजायला त्यांना एवढं गवत पुरतं.

मी दगडावर बसून मोज्यात घुसलेली कुसळं काढू लागलो. कुसळाचं शेपूट पिळाचं असतं. दवानं ओलं झालं की पीळ सुटतो, उन्हानं वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या उलटसुलट फिरण्यातून खालचं टोकदार बी जमिनीत शिरतं. एक कुसळ तळहातावर ठेवून थुंकीचं बोट लावलं. खरंच, ते हळूहळू फिरू लागलं. पन्नाशी उलटलेला माणूस पोरासारखा ते बघत बसला होता.

उन्हं चटका देऊ लागली तेव्हा ध्यानात आलं, तासभर डोक्यात एकही आकडा आला नव्हता. बहिणीची सात पोती गेली ती गेलीच होती. माळानं त्यातलं काही भरून दिलं नाही. पण परतताना मी तिला फोन केला आणि पहिल्यांदाच नुकसानीचं न विचारता, ‘‘जेवलीस का?’’ म्हणून विचारलं. तोवर माझा नुसता चिखल झालेला होता. त्यात मी धीराचे शब्द पेरत होतो आणि ते कुजत होते.

तुमच्याही घरात असं पाणी शिरलं असेल, नदीचं किंवा दुसरं कसलं, तर लगेच पेरणीला लागू नका. जवळचा माळ, तळं, बांध गाठा आणि एखादं कुसळ नीट बघा.

वाफसा दिवाळीनंतर आला. ज्वारीची वेळ टळली होती. बहिणीनं हरभरा पेरला.