कुंडीतील अनंत आणि थंड प्रदेशातील हिवाळा

अनंताचे झुडूप मूळचे दक्षिण चीन, तैवान व जपान या भागांतील होय. वनस्पतिशास्त्रात त्यास गार्डेनिया जास्मिनॉइडीस म्हणतात. बंगालमध्ये व हिंदी भाषकांत ते गंधराज या नावाने ओळखले जाते. जॉन एलिस या ब्रिटिश निसर्गवैज्ञानिकाने 1761 मध्ये अमेरिकेतील चार्ल्सटन येथे व्यवसाय करणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश वैद्याचे नाव या प्रजातीस दिले. इंग्रजीत त्याला ‘केप जस्मिन’ असेही म्हणतात. हे नाव मात्र दुहेरी चुकीचे आहे. ते आफ्रिकेच्या केपचेही नव्हे आणि जाईच्या कुलातीलही नव्हे. त्याचे कुल रुबिएसी, म्हणजे कॉफीचे. कॉफीप्रमाणेच त्याला आम्लधर्मी माती, दमट हवा आणि सौम्य ऊब मानवते, हे ध्यानात घेतले असता त्याच्या पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो.

कोकणात, केरळात किंवा बंगालमध्ये हिवाळ्याचा प्रश्नच उद्भवत नाही; तेथे अनंत अंगणात बारमाही उभा असतो. दिल्लीकडे कडाक्याच्या रात्री कुंडी पडवीत ओढून घेतली म्हणजे पुरते. खरी अडचण येते ती सिमला, श्रीनगर यांसारख्या ठिकाणी, आणि विशेषतः बदलीच्या निमित्ताने मैदानातील कुंडी तिकडे घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना. जमिनीत रुजलेले जुने झुडूप शून्याखालचे काही अंश सोसू शकते. कुंडीतील मुळांना मात्र जमिनीचे पांघरूण नसते. थंडी त्यांना चहूबाजूंनी भिडते. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्ला-इ-कलां’ हा चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो. त्या काळात उघड्यावरील कुंडीतली माती गोठते व झाड दगावते. म्हणून रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागताच कुंडी आत न्यावी. श्रीनगरला ही वेळ ऑक्टोबरच्या आरंभीच येते, सिमल्यास त्याच महिन्याच्या अखेरीस.

परंतु कुंडी घरात आली म्हणजे धोका टळला, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक होय. घरात आणलेले अनंत थंडीपेक्षा उबेनेच अधिक नासतात. बुखारीने तापलेली बैठकीची खोली माणसांना सुखाची वाटते. झाडाची स्थिती तेथे काय होते ते पाहावे. थंड हवेत बाष्प फार थोडे मावते. शून्य अंशावरील संपृक्त हवेच्या एका घनमीटरात ते सुमारे 5 ग्रॅम असते. हीच हवा खोलीत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती 17 ग्रॅमवर जाते. बाष्प मात्र तेवढेच राहते. सापेक्ष आर्द्रता अशा रीतीने तीस टक्क्यांच्याही खाली येते. पाने मग मुळांना पुरवता येईल त्यापेक्षा अधिक पाणी गमावतात, आणि झाड आपला भार हलका करण्यासाठी प्रथम कळ्या टाकून देते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून जपलेल्या टपोऱ्या कळ्या एकेक करून पिवळ्या पडून गळताना पाहणे क्लेशदायक असते. त्यातच पुष्कळ जण पाणी कमी पडले असे समजून ते वाढवतात, आणि मुळे कुजतात.

यावर उपाय असा, की कुंडी शेगडीपासून दूर, दक्षिणेकडील खिडकीशी किंवा काचेने बंदिस्त केलेल्या पडवीत ठेवावी. डोंगरी भागातील जुन्या बंगल्यांना अशा पडव्या असतात. अनंताला त्याहून उत्तम जागा नाही. रात्री 15 ते 18 अंश तापमान असल्यास कळ्या चांगल्या धरतात. त्याहून उष्ण रात्री त्यास नकोशा वाटतात. पसरट ताटात खडे घालून त्यांत पाणी ठेवावे व कुंडी खड्यांवर अशी मांडावी, की तिचे बूड पाण्यास टेकणार नाही. कोळशाची अंगीठी त्या खोलीत मुळीच नको. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात, आणि बंद खोलीत तीच अंगीठी माणसांच्या जिवावरही बेतते. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा वारंवार बदलू नये.

पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ते लोहाच्या अभावाचे लक्षण समजावे. मातीत लोह असूनही असे घडते, कारण माती थंड असली की मुळांना ते शोषता येत नाही. अशा वेळी हिराकस घालण्याची घाई करू नये. आधी कुंडी गार फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवावी. पाण्यातील चुन्यानेही हीच अवस्था येते. बर्फाच्या प्रदेशात यावर आयतीच सोय आहे. स्वच्छ बर्फ वितळवून केलेले पाणी मृदू असते. मात्र ते खोलीच्या तापमानास आल्यावरच घालावे. वरची बोटभर माती सुकल्यावाचून पाणी देऊ नये. खत हिवाळ्यात बंद ठेवावे.

कोरड्या हवेत लाल कोळी फार लवकर माजतो. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून काढावेत. फुले उमलल्यावर त्यांवर पाणी शिंपडू नये. पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात.

रात्री पुन्हा 10 अंशांच्या वर स्थिरावल्या की कुंडी बाहेर काढावी. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात. छाटणी फुलांचा बहर ओसरताच करावी. ती पावसाळ्यानंतर केल्यास पुढील वर्षाच्या कळ्याच कात्रीखाली जातात.